डब्यात काय आणलंय?

क्रिएटर मंडळींसाठी ब्रँडचा कार्यक्रम म्हटलं की काही गोष्टी ठरल्यासारख्या येतात. कागदी फुलांची भिंत, तिच्यावर निऑनच्या अक्षरांत एखादं इंग्रजी वाक्य, बाजूला झोपाळा, दारात रंगीत सरबत आणि स्टेजवर कंपनीच्या मोठ्या साहेबांचं भाषण. मी मुंबईत इव्हेंट डिझाइनचं काम करते. अशा कार्यक्रमांतून बाहेर पडलेली रील्स एकामागोमाग एक बघत बसणं हा माझ्या अभ्यासाचाच भाग आहे. नावं झाकली तर कुठलं रील कोणाचं ते ओळखता येत नाही. एरवी ही माणसं एकमेकांपासून किती वेगळी असतात! कोणी ट्रॅक्टरवर बसून कांद्याच्या भावावर बोलतं, कोणी नऊवारीत नाचतं, कोणी सासू आणि सून ही दोन्ही पात्रं एकटीच रंगवते. त्या भिंतीसमोर उभी राहिली की सगळी सारखी दिसू लागतात, आणि यात त्यांचा काहीही दोष नसतो. तिथे करण्यासारखं दुसरं काही कोणी ठेवलेलंच नसतं.

क्रिएटरला आपण बोलावतो तेव्हा तो कामावर आलेला असतो, या एका गोष्टीवर मी ठाम आहे. त्याला उजेड लागतो, शांतता लागते, फोन चार्ज करायला जागा लागते, पुरेसा वेळ लागतो आणि सांगण्याजोगं काहीतरी लागतं. हे सांगण्याजोगं काहीतरी त्याच्या हाती देणं, हे थीमचं काम.

२०२५च्या सुरुवातीला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आमच्याकडे आलं. क्लिपच्या झाकणाचा नवा डबा बाजारात यायचा होता. त्यासाठी कोल्हापूर, पुणे, नाशिक आणि नागपूर अशा चार शहरांत त्या-त्या भागातल्या मराठी क्रिएटरना एकत्र आणायचं होतं. ब्रीफमध्ये थीम आधीच लिहिलेली होती: नव्वदचं दशक. कॅसेटी, लँडलाइन फोन, जुना टीव्ही, शाळेची कंपासपेटी. मी बैठकीत विचारलं, की आपण बोलावणार आहोत त्यांतली निम्मी मुलं २००० सालानंतर जन्मलेली आहेत, ती कॅसेट हातात घेऊन बोलणार काय? मार्केटिंगच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “मग प्रत्येकाला बोलता येईल असं काय आहे, ते तुम्ही सांगा.” उत्तर त्यांच्या वस्तूतच होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात विचारला जातो तो प्रश्न. डब्यात काय आणलंय?

या प्रश्नाचं उत्तर भेंडीच्या भाजीवर थांबत नाही. डबा कोणी भरला, किती वाजता उठून भरला, कोणाबरोबर वाटून खाल्ला, कोणापासून लपवला, हे सगळं त्याच्या मागून येतं. घरच्या पैशांची, गावाची, जातीची, आईच्या नोकरीची गोष्ट त्यात असते. आणि शहर बदललं की उत्तर बदलतं. दशक किंवा जंगल किंवा जत्रा अशी थीम घेतली की ती चारही ठिकाणी आपल्यालाच वाहून न्यावी लागते. प्रश्न नेला की बाकीचं त्या गावची माणसं घेऊन येतात.

रचना साधी ठेवली. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येकाच्या घरी एक रिकामा डबा पाठवायचा. तो त्यांनी घरून भरून आणायचा. केटरिंग फक्त ताक, भात आणि पाण्यापुरतं. दुपारी लांब पंगत मांडायची, सगळे डबे एकदम उघडायचे आणि वाटून खायचे. आणि डबा भरणाऱ्या माणसालाही सोबत आणायचं, त्याचा प्रवासखर्च आपण द्यायचा. या शेवटच्या मुद्द्यावर कंपनीत बरीच घासाघीस झाली. प्रत्येकामागे एक जादा माणूस म्हणजे त्याच बजेटात क्रिएटर निम्मे होणार. आकडा मोठा दिसावा असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मला वाटत होतं की डब्याबद्दल एकट्यानं बोलायला लावलं तर माणूस भाषण करतो, आणि डबा भरणारी व्यक्ती शेजारी बसली की तो गप्पा मारतो. शेवटी निम्म्या संख्येला होकार आला.

माझं मूळ नाटकात आहे. पुण्यात कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांचं नेपथ्य केलं, पुढे व्यावसायिक नाटकांबरोबर दौरे केले. दौऱ्याचा सेट घडीचा असतो. भिंतींचे फ्लॅट बिजागरीवर मिटतात, उंचवट्यांच्या लेव्हल एकात एक बसतात, आणि पुण्यात बालगंधर्वच्या रुंद रंगमंचावर लावलेला दिवाणखाना दुसऱ्या दिवशी एखाद्या लहान गावच्या सभागृहात बसवावा लागतो. चार शहरांचं काम मला त्याच हिशेबानं सुचतं. एक १४ फुटी टेम्पो ठरवला. त्यात मावेल तेवढंच चारही गावांना जाईल, बाकीचं त्या गावातून घ्यायचं.

नाटकवाल्यांची नजर मात्र आडवी असते आणि फोन उभा असतो. रीलची चौकट नऊला सोळा. म्हणजे चार फूट रुंदीला साधारण सात फूट उंची. प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा येतो, तेव्हा एका उभ्या शीटनं अख्खी चौकट भरते! हे गणित मांडल्यावर फॅब्रिकेटरकडे चाळीस फुटी बॅकड्रॉप सांगायची गरजच उरली नाही. दोन-दोन शीट काटकोनात बिजागरीनं जोडले आणि त्यांचे कोपरे केले. एकात स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी, एकात शाळेचा बाक, एकात खिडकीशेजारची एसटीची सीट. मोकळे कोपरेही ठेवले, ते स्थानिक माणसांनी भरायचे. रीलच्या वरच्या-खालच्या भागावर नाव, मजकूर आणि बटणं येतात, म्हणून तिथे काही लिहिलं नाही. कंपनीचं नाव डब्यावर जेवढं उमटवलेलं होतं तेवढंच सगळ्या सेटवर होतं.

स्टीलवर उजेड पाडणं हे या दौऱ्यातलं सगळ्यात नाजूक काम. डबा आरशासारखा. समोर रिंग लाइट धरला की त्याच्या पोटावर पांढरी कडी उमटते आणि कडीच्या मधोमध शूट करणाऱ्याचा चेहरा. त्याला इलाज म्हणजे उजेडाचा उगमच मोठा आणि मऊ करायचा. आम्ही मांजरपाटाचे रुंद पडदे शिवून घेतले. दिवसा ते खिडक्यांवर आणि जिथे खिडकी नाही तिथे दिव्यांपुढे. दिवे रंग खरे दाखवणारे, सीआरआय ९५च्या वरचे घेतले, कारण स्वस्त एलईडीखाली वरण हिरवट दिसतं आणि कोशिंबीर शिळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटखाली फोनच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवलं की ते जातात. प्रत्येक कोपऱ्यात हे एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून टांगलं. स्टेज बांधण्याइतकंच हेही डिझाइन आहे असं मी मानते.

आवाजासाठी गोधड्या. एका छताखाली पन्नासेक माणसं एकाच वेळी बोलणार म्हणजे कोणाचंच काही नीट ऐकू येणार नाही. म्हणून कोपऱ्यांपासून दूर लहान-लहान खोल्या केल्या आणि त्यांना आतून जाड गोधड्या टांगल्या. जुन्या लुगड्यांच्या थरांनी आवाजाचा घुमारा चांगला शोषला जातो. शिवाय घरातल्या माणसांना गोधडीच्या सोबतीत बोलायला परकं वाटत नाही. स्टुडिओचा काळा फोम लावला असता तर आज्या आत शिरल्या नसत्या.

आणखी एक माणूस मी प्रत्येक गावातून घेतला, भांड्यावर नाव घालणारा. भांड्यांच्या दुकानात हातातल्या छोट्या मशिननं अक्षरं कोरतात ते कारागीर. लग्नात दिलेल्या प्रत्येक पातेल्यावर देणाऱ्याचं नाव असायचं, ती पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. आपापल्या डब्यावर हवं ते नाव घालून घ्या असं सांगितलं. बहुतेकांनी स्वतःचं सोडून डबा भरणाऱ्याचं नाव सांगितलं. मशिनची घरघर इतकी ओळखीची, की कित्येकांनी गाणं न लावता तीच रीलखाली ठेवली. यात एक व्यावहारिक फायदाही होता. ब्रँडच्या जाहिरातीत सिनेगीत वापरायचं म्हणजे हक्कांचा प्रश्न येतो, आणि स्वतः टिपलेल्या आवाजाला कोणाची परवानगी लागत नाही.

ही सगळी तजवीज कोणासाठी, तेही सांगायला हवं. २०१४मध्ये यूट्यूब फॅनफेस्ट मुंबईत आला तेव्हा क्रिएटर स्टेजवर होते आणि चाहते समोर होते. तेव्हाच्या कार्यक्रमांचा साचा गाण्याच्या जलशाचा होता, आणि तो त्या जागी योग्यच होता. नंतर टिकटॉक गावागावांत पोचलं. २९ जून २०२०ला त्यावर बंदी आली, आणि ज्यांनी शेतात, चुलीपुढे, रिक्षात बसून लाखो माणसं जोडली होती त्यांचं खातं एका रात्रीत गेलं. जुलैमध्ये इन्स्टाग्रामची रील्स आली, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. पुष्कळांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आमच्या यादीतली बरीच मंडळी या फेऱ्यातून गेलेली होती. स्टेजवर झळकण्यापेक्षा दोन चांगले व्हिडिओ आणि वेळेवर मिळालेलं मानधन त्यांना जास्त मोलाचं वाटतं, हे त्यांनी मला आधीच्या भेटींत मोकळेपणानं सांगितलं होतं.

कोल्हापूरला आम्ही पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळाची रिकामी शेड घेतली. शेजारचं गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतून येणारा वास दिवसभर हवेत होता आणि कडेनं उघड्या शेडमध्ये उजेड सुरेख. तालमीतल्या सरावाचे व्हिडिओ टाकणारा एक मुलगा आला. डबा भरणारं माणूस म्हणून तो वस्तादांना घेऊन आला होता. तालमीतली पोरं आळीपाळीनं रांधतात, मग वस्ताद कसे, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. वस्ताद शांतपणे म्हणाले, “खुराक कुणी ठरवायचा? मी. म्हंजे डबा माझाच की.” त्या डब्यात बदाम वाटून केलेली थंडाई होती, तुपातली चपाती होती आणि उकडलेली अंडी. वस्तादांनी गोधडीच्या खोलीत बसून पोराच्या वयाचं आणि वजनाचं गणित मांडून कधी काय खायचं ते सांगितलं. त्या मुलानं त्यात एकही शब्द मिसळला नाही, फक्त फोन धरला. असं थांबता येणं ही मोठी जाण आहे.

कागलहून एक ताई स्कुटीच्या डिकीत तांबडा रस्सा घेऊन आल्या. कंपनीनं झाकणाबद्दल दोन वाक्यं लिहून पाठवली होती, घट्ट बसणारं, गळती रोखणारं वगैरे. ताईंनी ती बाजूला ठेवली. रस्त्यावर खड्डे आले तिथे फोन डिकीकडे वळवला, शेडमध्ये आल्यावर डबा पांढऱ्या मांजरपाटावर ठेवला, उचलला आणि कापड दाखवलं. “एक थेंब न्हाई.” एवढंच बोलल्या. मार्केटिंगच्या मॅडम तिथेच होत्या. पुढच्या शहरांत लिहून पाठवलेली वाक्यं त्यांनी स्वतःहून काढून टाकली.

कोल्हापुरात आम्ही सिनेमाचा धागा मुद्दाम घेतला नव्हता. पण परतीच्या सकाळी काही जण खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी जमले. आनंदराव पेंटर यांच्यासोबत सुरू केलेलं कॅमेरा घडवण्याचं काम बाबूराव पेंटर यांनी याच गावात पूर्ण केलं आणि १९२०मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. हातातल्या साधनावर स्वतः मेहनत घेऊन आपल्या माणसांच्या गोष्टी टिपणाऱ्यांचं हे गाव आहे. त्या मुलांनी तिथे उभं राहून आपापले फोन वर धरून जो फोटो काढला तो कुठल्याही कराराचा भाग नव्हता, पण मला तो फार आवडतो.

पुण्यात नारायण पेठेतला वाडा घेतला. पेठेत दिवसा टेम्पो आणणं सोसायचं नव्हतं, तेव्हा सामान रात्री उतरवलं आणि शेवटचा टप्पा हातगाडीनं. पुण्याचा डबा म्हणजे घरचा डबा असेल असं सगळे धरून चालले होते. आला तो मेसचा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागात एमपीएससीचा अभ्यास करणारी हजारो मुलं-मुली राहतात, आणि त्यांचं जेवण मेसच्या डब्यावर चालतं. अभ्यासाचे व्हिडिओ करणाऱ्या परभणीकडच्या एका मुलीनं मेसवाल्या मावशींना सोबत आणलं. मावशी म्हणाल्या, “रोज शंभरावर डबे भरते, पण समोर बसून उघडताना कुणालाच बघितलं नव्हतं.” मुलगी त्यांना विचारत होती, मावशी उलट तिला परीक्षेची तारीख विचारत होत्या. तिच्या व्हिडिओत निकालाची वाट पाहणाऱ्या सगळ्या खोल्या आल्या. ब्रँडचा डबा तिथे टेबलावर होता आणि तिथेच असणं पुरेसं होतं.

आता पैशांबद्दल, कारण या क्षेत्रात त्यावर मोघम बोलायची फार सवय लागली आहे. सुरुवातीचा प्रस्ताव असा होता, की लहान क्रिएटरना मानधन न देता भांड्यांचा संच द्यायचा आणि प्रत्येक शहरातल्या सर्वोत्तम रीलला महागडा फोन. पहिल्या भागाला मी सरळ नाही म्हटलं. चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्या मुलीचा एक दिवस जातो, तिच्या आईचा रोज बुडतो. तिला कढई देऊन बोळवण करणं मला पटत नाही. फोनच्या बाबतीत आयकर कायदाच मदतीला आला. १ जुलै २०२२पासून लागू झालेल्या, तेव्हा अमलात असलेल्या कलम १९४आरनुसार व्यवसायाच्या निमित्तानं दिलेली वस्तू वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेली की तिच्यावर १० टक्के टीडीएस लागतो, आणि वस्तू क्रिएटरनं स्वतःकडे ठेवली तर ती लाभच धरली जाते. बक्षीस रोख नसलं तरी कर रोखच भरावा लागतो. जिच्या हातात त्या महिन्यात पाच हजार रुपये नाहीत तिला पन्नास हजारांचा फोन देऊन आधी पाच हजार मागायचे, हे बक्षीस कसलं! स्पर्धाच काढून टाकली. तो पैसा सगळ्यांच्या मानधनात वाटला आणि निम्मा आगाऊ दिला.

जाहिरात आहे हे लपवायचं नाही, याबाबतही माझा आग्रह असतो. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एएससीआयचे इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठीचे नियम १४ जून २०२१पासून लागू आहेत. फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा ब्रँडशी असलेला संबंधच, आणि तो प्रेक्षकाला पहिल्या नजरेत कळला पाहिजे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते लेबल किमान तीन सेकंद दिसायला हवं, दोन मिनिटांच्या आतल्यात एक तृतीयांश वेळ. लेबल जाहिरातीच्याच भाषेत चालतं. आम्ही ‘जाहिरात’ हा शब्द देवनागरीत, मोठ्या अक्षरांत ठेवला. प्रेक्षक कमी होतील अशी भीती काहींना वाटत होती. कागलच्या ताई म्हणाल्या, “माझ्या बायकांना मी सांगून टाकते, पैसे मिळालेत पण डबा माझ्याच घरात वापरून बघितलाय. त्यांना खरं कळतं.”

नाशिकचा कार्यक्रम दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या पॅकहाऊसमध्ये ठेवला होता. हंगामाचे दिवस, बाहेर क्रेट भरत होते. निफाडच्या बाजूचा एक तरुण शेतकरी, बागेच्या छाटणीपासून औषधफवारणीपर्यंत सगळं समजावून सांगणारा, पंगतीला बसला आणि त्यानं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी माझ्याकडे धावत आला. “मॅडम, याच्याकडे डबाच नाही!” त्या तरुणाला विचारलं तर म्हणाला, “दादा, डबा आईनं घेतला. झाकण चांगलं बसतंय म्हणून तिनं त्यात मेथीचं बी भरून ठेवलंय. मी आपलं रानात नेतो तसं आणलं.”

प्रतिनिधीला वाटत होतं की त्याला दुसरा डबा देऊन, भाकरी त्यात ठेवून पुन्हा शूट करावं. करारात डबा चौकटीत दिसायला हवा असं लिहिलेलं होतं. मी त्याला म्हटलं, “दादा, आपण विचारलंय की डब्यात काय आणलंय. यानं खरं उत्तर दिलंय. आता ते उत्तर आपण बदलायला लावलं तर उद्या नागपुरात विचारायचं कशाला?” मग मॅडमना फोन केला आणि आहे तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, आईकडे जाऊन डबा दाखवता येईल का तेवढं विचारा. तो हसत म्हणाला, का नाही. संध्याकाळी त्यानं घरी जाऊन फडताळातला डबा उघडला. आईनं बियांत बोटं घालून दाखवलं, कोरडं आहे, कीड नाही. कंपनीच्या कारखान्यातल्या माणसांनी नंतर त्या माउलीशी फोनवर बराच वेळ बोलून घेतलं. बी साठवायला थोडा उभट डबा असता तर बरं, असं तिचं म्हणणं होतं.

थीम पाळायची म्हणजे नेमकं काय पाळायचं, हे मला त्या दिवशी पुरतं स्पष्ट झालं. वस्तू चौकटीत असणं ही कराराची गरज आहे आणि ती मी नाकारत नाही. पण प्रश्न विचारल्यावर ऐकून घेण्याची जबाबदारी आपली.

नाशिकहून नागपूर. सामान सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागलं आणि रात्रभर चाललं. जड वाहनांना तिथे ताशी ८०ची मर्यादा आहे, तो वेळ धरूनच आखणी केली होती. नागपुरात क्रिएटर दूरदूरवरून आले, अमरावती, यवतमाळ, गोंदिया. वऱ्हाडी, झाडीबोली, नागपुरी हिंदी सगळं एका पंगतीत. कोणाच्या डब्यात गोळाभात, कोणाच्या पाटोडी, सावजीच्या रश्शावर तेलाचा तवंग, आणि मृग बहाराची संत्री एकानं क्रेटभर आणलेली. रात्रपाळीची नर्स असलेल्या एका ताईंचा डबा त्यांचे ऑटो चालवणारे यजमान भरतात. ते सगळ्यांसमोर लाजत होते. ताईंनी त्यांचंच नाव डब्यावर घालून घेतलं.

यवतमाळकडची एक मुलगी सकाळपासून डबा पिशवीत ठेवून बसली होती. पंगतीच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, माझा डबा रिकामा आहे. मला शाळेत डबा नव्हताच. आम्ही खिचडी खायचो. हे सांगितलं तर चालेल का? कंपनीला वाईट नाही ना वाटणार?” शालेय पोषण आहाराची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली. तिच्यासारख्या कितीतरी मुलांची मधली सुट्टी ताटली घेऊन रांगेत उभं राहण्यात गेली आहे. मी तिला म्हटलं, रिकामा डबा घेऊन बस आणि तुला सांगायचं ते सांग. ती शाळेच्या बाकाच्या कोपऱ्यात बसली, झाकण उघडलं, आत काही नाही हे दाखवलं आणि खिचडी करणाऱ्या बाईंचं नाव घेतलं. त्या बाई आधण आल्यावर ओरडून पोरांना मागे सारायच्या, सुट्टीच्या आदल्या दिवशी थोडी जास्त वाढायच्या, हे सगळं तिनं हसतमुखानं, पूर्ण तपशिलानं सांगितलं. नंतर पंगतीत प्रत्येकानं आपल्यातला एकेक घास तिच्या डब्यात घातला आणि तो ओसंडून जाईल इतका भरला. कारागिरानं विचारलं, नाव काय घालू? तिनं खिचडीवाल्या बाईंचं सांगितलं.

तो व्हिडिओ प्रसिद्ध करताना मॅडमनी मला दोनदा विचारलं की तिला पुढे त्रास होणार नाही ना, लोक काहीबाही लिहितात. आम्ही मुलीला विचारलं, तिच्या घरच्यांना विचारलं, आणि करारात एक कलम जोडलं. वाटेल तेव्हा तिला तो काढून टाकायला सांगता येईल आणि मानधन परत मागितलं जाणार नाही. हे कलम आता मी सगळ्यांच्या करारात घालते.

पुढच्या हंगामासाठी कंपनीला लातूर आणि नांदेड घ्यायचं आहे. त्यासाठी जागा बघायला जाण्याआधी मी तिथल्या क्रिएटरशी बोलायला सुरुवात केली आहे. प्रत्येकाला आधी एवढंच विचारते, की घरी शूट कुठे बसून करता? नांदेडच्या चौघींनी वेगवेगळं विचारूनही एकच उत्तर दिलं, गच्चीवर, ऊन उतरल्यावर, कारण घरात उजेड नसतो आणि बोलायला एकांत नसतो. तेव्हा नांदेडला सभागृह नको, मोठी गच्ची हवी आहे. वारा असतो, म्हणून गोधड्यांना खालून वजन लावावं लागेल. मांजरपाटाचा पडदा या वेळी डोक्यावर ताणायचा आहे, आणि आज्यांना जिना चढवत नाही म्हणून लिफ्टची इमारत शोधतो आहोत.